यंत्र ‘वाचतं’ म्हणजे काय करतं? मोडी कागद आणि शब्दप्रमाण



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की संगणकाच्या विषयावर तत्त्वज्ञानाच्या माणसाने काय बोलायचं. शंका रास्त आहे. यंत्र कसं बांधावं हे आम्ही सांगणार नाही. पण ‘आता यंत्र मोडी वाचतं’ हे वाक्य गेली काही वर्षं सतत कानावर पडतं आहे, आणि त्यातलं ‘वाचतं’ हे क्रियापद आम्हाला थांबवतं. क्रियापदं तपासणं हा आमचा जुना धंदा. तेव्हा आज एवढंच करायचं आहे: मोडी कागद घ्यायचा, यंत्राने केलेलं त्याचं बाळबोध रूप घ्यायचं, आणि विचारायचं की या दुसऱ्या मजकुरावर आपण कशाच्या आधारावर विश्वास ठेवतो?

आधी यंत्राच्या बाजूने बोलू. टीका करायची तर समोरच्याची बाजू नीट मांडून करावी, नाहीतर तो केवळ त्रागा होतो. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आहेत. महाराष्ट्रातल्या मोडी कागदांची मोजदाद कोटींत करावी लागते. तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागद आहेत, संस्थानांची दप्तरं आहेत, आणि तालुक्याच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या आहेत. घराघरांतल्या ट्रंका तर वेगळ्याच. हे सगळं वाचणारी माणसं किती? २०२३ साली राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी जाणकार शोधत फिरावं लागलं. तोवर हा छंदाचा विषय समजला जात होता. एका रात्रीत तो हक्काचा विषय झाला.

दुसरी गोष्ट. आजवर माणसांनी काय वाचलं तेही बघा. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३०च्या दशकात पेशवे दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. ही कामं डोंगराएवढी आहेत. पण निवड म्हटली की काही उचललं जातं आणि काही राहतं. उचलली गेली ती बहुतांशी स्वाऱ्या, तह आणि राजकारणाची पत्रं. गावचा ताळेबंद, विहिरीवरून झालेला तंटा, बलुत्याचा हिशेब, पाटीलकीच्या वादातला महजर, हे बरंचसं रुमालातच राहिलं. म्हणजे ज्याला आपण स्थानिक इतिहास म्हणतो, तोच वाचायचा राहिला. यंत्र कंटाळत नाही आणि त्याला मोठ्या माणसांची ओढही नाही. पानिपतची बातमी आणि कडब्याच्या पेंढ्यांचा हिशेब ते सारख्याच तत्परतेने घेतं. हा खरा लाभ आहे आणि तो नाकारण्यात शहाणपण नाही.

मग आमचा आक्षेप कशाला? त्यासाठी मोडी काय चीज आहे ते थोडं आठवू.

मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढतो आणि बोरू फारसा न उचलता तिला अक्षरं लटकवत जातो. शब्द कुठे संपला हे तो दाखवत नाही. विरामचिन्हं नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायची पद्धत नाही. संक्षेप भरपूर. रकमेपुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. कालगणना अनेकदा सुहूर सनाची, आणि तीही आकड्यांत न देता अरबी संख्याशब्दांत. ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७५. इसवी सन १७७४-७५. आता त्या ‘सबैन’च्या जागी ‘तिसैन’ वाचलं, तर सत्तरचे नव्वद होतात आणि कागद वीस वर्षं पुढे सरकतो. सवाई माधवरावांच्या जन्माच्या सुमाराचा कागद त्यांच्या अखेरच्या दिवसांत जाऊन बसतो.

असा मजकूर यंत्र कसा घेतं? त्याला आधी हजारो ओळींच्या प्रतिमा आणि त्यांचं माणसांनी केलेलं लिप्यंतर दाखवतात. त्यातून ते शिकतं की अशा वळणानंतर बहुधा हे अक्षर येतं आणि अशा अक्षरांनंतर बहुधा हा शब्द येतो. मग नवा कागद दिला की ते सर्वांत संभवनीय असा मजकूर पुढे ठेवतं. मोडीपुरतं बोलायचं तर शिकवायचं साहित्यच अजून थोडं आहे. २०२५ साली रुडकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी इतरांच्या साहाय्याने शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन मोडीच्या प्रतिमांचा देवनागरी लिप्यंतरासह एक संच सिद्ध केला. काम मोलाचं आहे. पण त्यातल्या प्रतिमा दोन हजारांहून थोड्याच अधिक आहेत. दोन हजारांवरून कोटींकडे जायचं आहे, हे लक्षात ठेवा.

यंत्राची गुणवत्ता सांगताना टक्केवारी सांगतात: अक्षरं ९५ टक्के बरोबर. ऐकायला छान वाटतं, परीक्षेत एवढे गुण मिळाले तर पेढे वाटतात. पण हिशेब करून बघा. शंभरात पाच अक्षरं चुकली आणि चुका सगळीकडे सारख्या पसरल्या, तर पाच अक्षरी शब्द पूर्ण बरोबर येण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के. म्हणजे दर चार-पाच शब्दांमागे एक शब्द बिघडलेला. आणि प्रत्यक्षात चुका सारख्या पसरत नाहीत. आमच्या मते सगळ्या प्रश्नाचं मर्म इथेच आहे.

चुका कुठे पडतात? जे वारंवार येतं ते यंत्र चांगलं शिकतं. ‘राजश्री’, ‘मौजे’, ‘परगणे’, ‘मोर्तब सुद’ यांत ते सहसा चुकणार नाही. चुकेल ते क्वचित येणाऱ्या शब्दांत: वाडीचं नाव, शेताचं नाव, माणसाचं नाव, आडनावाऐवजी लावलेली ओळख, फक्त एकाच खोऱ्यात चालणारं माप. आणि स्थानिक इतिहास म्हणजे दुसरं काय असतं? तो तर याच शब्दांचा बनलेला आहे. समजा, वहीत ‘रखमी’ असं नाव आहे. यंत्राने हिशेबाचे कागद पुष्कळ पाहिलेत, त्याने ‘रकमी’ वाचलं. एक बाई होती, तिची रक्कम झाली. ९५ टक्के अक्षरं तरीही बरोबरच आहेत! ज्यांची नोंद आधीच एखाद्या ओळीपुरती होती, त्यांच्यावरच ही चूक येऊन पडते. पेशव्यांचं नाव शंभर कागदांत सापडेल. रखमीचं सापडणार नाही.

आता कोणी म्हणेल, चूक माणसंही करतात. करतात ना! पण चुकांच्याही जाती असतात. आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ हा वाक्प्रचारच आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि आनंदीबाईंनी पत्रातल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं अशी आख्यायिका रूढ झाली. ती खरी की खोटी या वादात आम्ही शिरत नाही. आम्हाला तिची रचना महत्त्वाची वाटते. त्या गोष्टीत विचारता येतं: हे कोणी केलं? का केलं? अक्षर पालटलं तर त्याला कर्ता आहे, हेतू आहे, आणि म्हणून दोषही आहे. यंत्राने ‘ध’चा ‘मा’ केला तर कोणाला विचारणार? खोडाखोड नाही, वेगळी शाई नाही. संशय यावा असं काहीच नाही.

याचं एक नमुनेदार उदाहरण हस्तलिखितांच्या बाहेरचं आहे. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं कागद स्कॅन करताना आकडे बदलत होती. घराच्या एका नकाशात तीन खोल्यांची तीन वेगळी क्षेत्रफळं होती. प्रतीत तिन्ही ठिकाणी एकच आकडा आला. कारण असं की फाइल लहान करण्यासाठी यंत्र सारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा लावत होतं. आता लक्षात घ्या, आपल्या भाषेत ‘झेरॉक्स’ या शब्दाचा अर्थच ‘हुबेहूब प्रत’ असा आहे! जुन्या यंत्राची खराब प्रत पुसट यायची आणि ती खराब आहे हे डोळ्यांना कळायचं. ही प्रत स्वच्छ होती, ठसठशीत होती, आणि चूक होती. पुसट चुकीपेक्षा स्वच्छ चूक जास्त घातक. यंत्राच्या लिप्यंतरात आम्हाला जी भीती वाटते, ती या स्वच्छ चुकीची.

इथे आपल्या न्यायदर्शनाची मदत घेऊ. नैयायिकांनी चार प्रमाणं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं वचन. आप्त कोण, याचं वात्स्यायनाने दिलेलं उत्तर फार उदार आहे. ज्याला ती वस्तू साक्षात कळली आहे आणि जशी कळली तशी सांगायची इच्छा आहे, तो आप्त. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. म्हणजे जात, पदवी, पोशाख यांचा संबंध नाही. तेव्हा ते केवळ यंत्र आहे म्हणून त्याला बाहेर ठेवणं, हे वात्स्यायनालाही पटलं नसतं. अट दोनच गोष्टींची: पाहिलं पाहिजे, आणि पाहिलं तेवढंच सांगण्याची निष्ठा पाहिजे.

पहिल्या अटीवरच घोडं अडतं. यंत्र जे करतं ते मुख्यतः अनुमान आहे. अनुमान वाईट नव्हे. धूर दिसला की विस्तव असणार, हे आपण रोज करतो. पण अनुमानाला व्याप्ती लागते, आणि व्याप्तीला उपाधीचा रोग जडू शकतो. जिथे विस्तव तिथे धूर, हे उलट वाक्य खरं नाही, कारण धूर येतो तो सरपण ओलं असलं तर. ओलं सरपण ही तिथली उपाधी. यंत्राची व्याप्ती अशीच उपाधिग्रस्त असते. पुण्याच्या फडातल्या तरबेज कारकुनाच्या वळणावर ते शिकलं, तर ‘अशी रेघ म्हणजे असं अक्षर’ हा त्याचा नियम त्या फडापुरता, त्या वळणापुरता खरा. आडगावच्या कुलकर्ण्याने आखूड कागदावर दाटीवाटीने लिहिलेल्या नोंदीला तो लागू होईलच असं नाही. यंत्राला ही मर्यादा ठाऊक नसते. ते दोन्हीकडे तितक्याच ठामपणे बोलतं. थोडक्यात, आपल्यापुढे येतं ते अनुमान, पण ते प्रत्यक्षाचा अंगरखा घालून येतं.

यावर एक खरोखरच चांगला प्रतिवाद आहे. मोडी वाचणारा माणूससुद्धा संदर्भानेच वाचतो. शब्द तुटलेले नाहीत, वेलांट्यांचा भरवसा नाही, तेव्हा अटकळ बांधल्याशिवाय मोडी वाचताच येत नाही. मग फरक काय राहिला? फरक असा की चांगला वाचक आपली अटकळ आणि आपलं दर्शन यांच्यामधली सीमारेषा दाखवतो. अनेक छापील साधनखंड उघडून बघा. फाटलेल्या जागी टिंबं दिसतील, शंका असेल तिथे कंसात प्रश्नचिन्ह दिसेल. ते प्रश्नचिन्ह हा संपादनाचा अलंकार नव्हे. तो प्रामाणिकपणाचा पुरावा आहे. ‘इथवर मी पाहिलं, इथून पुढे मी तर्क केला’, असं ते सांगतं. वात्स्यायनाची दुसरी अट त्या एका चिन्हाने पुरी होते.

आणि गंमत बघा, शंका यंत्राकडेही असते. प्रत्येक अक्षर ठरवताना त्याच्या पोटात संभाव्यतेचे आकडे असतात: हे असण्याची शक्यता इतकी, ते असण्याची तितकी. पण वाचकापर्यंत मजकूर येईस्तोवर ते आकडे बहुधा गळून पडतात आणि गुळगुळीत परिच्छेद तेवढा उरतो. म्हणजे यंत्राला शंका येत नाही असं नव्हे. ती आपणच पुसून टाकतो, कारण आपल्याला सलग मजकूर आवडतो. म्हणून आमचा आक्षेप यंत्रापेक्षा ते वापरणाऱ्यांवर जास्त आहे.

हा प्रश्न केवळ विद्वानांचा आहे असं समजू नका. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुकात, नावापुढे जात लिहिलेली असते. त्या एका शब्दाच्या वाचनावर आज कुणाचा दाखला अवलंबून असतो, कुणाची फी, कुणाची नोकरी. अशा ठिकाणी आणखी एक धोका आहे. हवा असलेला शब्द आधीच ठाऊक असतो. यंत्राला ‘हा शब्द शोध’ म्हणून सांगितलं, तर अर्धवट पुसलेल्या दोन अक्षरांत तोच शब्द सापडण्याकडे त्याचा कल झुकू शकतो. माणसाचाही झुकतो. पण माणसाला सही करावी लागते, आणि उद्या वाद झाला तर येऊन सांगावं लागतं की मी असं का वाचलं. नोंद देणारा असो वा नाकारणारा, दोघांचंही संरक्षण त्या सहीत आहे.

मग करायचं काय? यंत्रं समुद्रात बुडवायची? मुळीच नाही. एक चांगलं उदाहरण आमच्याच विषयाच्या अंगणातलं आहे. जेरेमी बेंथम या इंग्लिश तत्त्वज्ञाची हजारो हस्तलिखित पानं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आहेत. अक्षर आधीच कठीण, आणि वय वाढलं तसं आणखी कठीण होत गेलेलं. २०१० साली तिथल्या मंडळींनी ही पानं लोकांपुढे खुली केली आणि म्हटलं, या, उतरवा. जगभरच्या हौशी लोकांनी ती उतरवली. पण प्रत्येक उतारा तिथला जाणकार तपासायचा आणि मगच स्वीकारायचा. पुढे हेच तपासलेले उतारे यंत्राला शिकवायला वापरले गेले. हस्ताक्षर वाचणाऱ्या ट्रान्सक्रिबस या प्रणालीच्या घडणीत अशा युरोपीय प्रयत्नांचा वाटा आहे. क्रम लक्षात घ्या: आधी माणसं वाचायला शिकली, मग तपासणी झाली, मग यंत्र आलं. आपल्याकडे क्रम उलटा लावण्याची घाई दिसते. यंत्र आलं की मोडी शिकायची गरजच काय, असा सूर ऐकू येतो. अहो, पण मग यंत्राचं तपासणार कोण? ज्या दिवशी शेवटचा मोडी वाचक जाईल, त्या दिवशी यंत्राची अचूकता किती हे सांगणारंही कोणी राहणार नाही. त्यानंतर ते कायमच १०० टक्के बरोबर असेल!

आमच्या मागण्या चार आहेत, आणि त्या खर्चिक नाहीत. पहिली, लिप्यंतर मूळ कागदाच्या प्रतिमेशिवाय प्रसिद्ध करू नये. दोन्ही शेजारी शेजारी हवीत. दुसरी, यंत्राला जिथे शंका होती ती जागा रंगाने किंवा प्रश्नचिन्हाने दाखवावी. तिसरी, प्रत्येक पानावर लिहावं की हे केवळ यंत्राने वाचलं आहे की माणसाने तपासलं आहे, आणि तपासलं असेल तर कोणी व कधी. चौथी, पुराभिलेख संचालनालय आणि काही संस्था मोडीचे वर्ग चालवतात, ते यंत्र आल्यावर कमी न करता वाढवावेत. आणि शिकणाऱ्यांना सरावासाठी यंत्राचे चुकलेले उतारेच द्यावेत. दुसऱ्याची चूक शोधताना लिपी जितकी पक्की होते, तितकी गिरवून होत नाही.

शेवटी एक व्यावहारिक भेद सांगून थांबतो. शोधणं वेगळं आणि वाचणं वेगळं. कोटी कागदांच्या ढिगातून ‘या दहांमध्ये तुमच्या गावाचं नाव असावं’ असं सांगण्याचं काम यंत्राला खुशाल द्या. त्यात चूक झाली तर एक रुमाल फुकट सोडावा लागेल, एवढंच. पण त्या दहा कागदांत काय लिहिलं आहे, हे सांगण्याची जबाबदारी नावागावाच्या माणसाने घ्यावी. यंत्राला वाटाड्या करावं, साक्षीदार करू नये. साक्षीदाराची उलटतपासणी घेता यावी लागते.

हे व्याख्यानही ऐकून कोणीतरी, किंवा काहीतरी, उतरवणारच आहे. उतरवणाऱ्याला विनंती एवढीच, की आमचा एखादा शब्द नीट ऐकू आला नाही, तर तिथे टिंबं द्यावीत. आमच्या तोंडी चांगला शब्द घालू नये.